आकडे कुणाचे, पडदा कुणाचा?

ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींनी स्वतः चालवलेला पहिला दवाखाना १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात सुरू झाला. आज देशभर अशा १४०हून अधिक आरोग्यसंस्था आहेत. त्यांच्या कार्यक्रमांनी लोकांना खरंच फायदा होतो का, हे मोजणं मात्र सोपं नाही.

छापील प्रश्नावली दुर्गम वस्त्यांत फारशी चालत नाही, कारण तिथे अनेकांची इंग्रजी ही पहिली भाषा नसते. समोरासमोर विचारलं तर दुसरीच अडचण. बाहेरच्या अधिकारी माणसाने विचारलं की पटलेलं नसतानाही ‘हो’ म्हणून विषय संपवण्याची सवय भाषाशास्त्रज्ञांनी इथे नोंदवली आहे. असे ‘हो’ मोजले तर प्रत्येक कार्यक्रम यशस्वीच ठरेल!

म्हणून काही ठिकाणी प्रत्येकाच्या हातात छोटा कीपॅड देतात. प्रश्न पडद्यावर येतो, वस्तीतलंच कुणी तो मोठ्याने वाचतं, लोक बटण दाबतात आणि उत्तरांचा आलेख तिथेच उमटतो. कुणी काय दाबलं ते कळत नाही. पण आलेख सगळ्यांची बटणं दाबून झाल्यावरच दाखवायला हवा, नाहीतर उरलेले बहुमताकडे झुकतात. आणि खोलीत दहाच माणसं असतील तर नाजूक प्रश्नाचा आलेख दाखवूच नये. एकच मत पडलेला स्तंभ दिसला की माना वळतात.

दारूविषयीच्या पाहणीसाठी बनवलेलं ‘ग्रॉग सर्व्हे अ‍ॅप’ मला फार आवडतं. टॅबलेटवरचे प्रश्न इंग्रजीत किंवा पिट्जंट्जारा या मूलनिवासींच्या भाषेत ऐकता येतात. ‘किती युनिट (दारूचं ठरावीक माप) घेता?’ असलं काही विचारत नाहीत. गेल्या चार वेळा काय प्यायलात, कोणत्या भांड्यातून, कुठपर्यंत भरून, हे माणूस चित्रावर दाखवतो. हिशेब अ‍ॅप करतं.

तरी यंत्राने सगळं सुटत नाही. शिबिराआधी ‘मला मधुमेहाची चांगली माहिती आहे’ म्हणणारा शिबिरानंतर स्वतःला कमी गुण देतो, कारण आपल्याला काय माहीत नव्हतं ते त्याला आता कळलेलं असतं. आकड्यांत ही घसरण दिसते. त्यामुळे शेवटी ‘तेव्हा किती माहीत होतं, आता किती’ असं एकत्र विचारणं जास्त खरं.

आकडे वस्तीबाहेर नेऊन परस्पर अर्थ लावण्याला माझा ठाम विरोध आहे. २०१८मध्ये मायम नायरी विंगारा या मूलनिवासींच्या गटाने आपल्या माहितीवर आपलाच ताबा हवा, अशी तत्त्वं मांडली. कीपॅड विकत घेण्याआधी ही अट करारात यायला हवी.