महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

महाराष्ट्रातील पाणी, हवा आणि आवाजाच्या प्रदूषणावर देखरेख ठेवणारी राज्य शासनाची वैधानिक यंत्रणा. राज्याने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ मध्ये आला, म्हणजे या कामी महाराष्ट्र आधी जागा झाला होता. मुख्यालय मुंबईत शीव येथे आहे.

कारखाना उभारताना एक आणि चालू करताना दुसरे, अशी मंडळाची दोन संमतीपत्रे लागतात. उद्योजकांच्या तोंडी तो ‘कन्सेंट’. रोज किती सांडपाणी निघेल, ते कोठे जाईल, धुराडे किती उंच असेल, हे त्यात लिहिलेले असते.

लिहिले तसे घडते का, हे नमुन्यावरून ठरते. मंडळाचा क्षेत्र अधिकारी सांडपाणी बाहेर पडते तिथे बाटल्या भरतो. जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे त्याने कारखानदाराला जागेवरच नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही रीत चुकली तर प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून उन्हातान्हात नाल्याकाठी उभे राहून केलेले हे काम फार मोलाचे आहे. पुढे प्रयोगशाळेत पाणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून ‘बीओडी’, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, मोजतात. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. घाणीचा भार फार वाढला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच लोकांनी पाहिला आहे.

पूर्वी कारखाना थांबवायला न्यायालयात जावे लागे. जल अधिनियमाच्या १९८८ च्या दुरुस्तीने कलम ३३अ आले आणि कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज व पाणी तोडण्याचे आदेश मंडळाला स्वतः देता येऊ लागले. मंडळाचा सर्वांत मोठा धाक याच कलमाचा.

शहरांच्या मैल्यापुढे मात्र तो पुरत नाही. प्रक्रिया न केलेले घरगुती सांडपाणी नगरपालिका व महापालिकांच्या नाल्यांतून नद्यांत मिसळते, आणि वस्तीचे पाणी तोडून तो प्रवाह थांबवणे शक्य नसते. तिथे मंडळाच्या हाती नोटिसा, खटले आणि दंडवसुली यांसारखे उपायच उरतात.