भला शोमरोनी: गोष्टीपासून कायद्यापर्यंत

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अपघात झाला की गर्दी लगेच जमते, पण जखमीला उचलायला हात चटकन पुढे होत नाहीत. 'पोलीस-कोर्टाचं लचांड कोण मागे लावून घेणार?' ही भीती जुनीच. ती घालवण्यासाठी झालेल्या कायद्याला 'गुड समॅरिटन', म्हणजे भला शोमरोनी, हे नाव मिळालं ते बायबलमधल्या, येशूने सांगितलेल्या एका गोष्टीवरून. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात ती येते.

तीही उताराच्याच वाटेवर घडते. यरुशलेम ते यरीहो हे अंतर जेमतेम २५-३० किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता सुमारे हजार मीटर खाली उतरतो. ओसाड डोंगर, लुटारूंना लपायला सोयीचे. लुटून अर्धमेल्या अवस्थेत टाकलेल्या माणसाला पाहून आधी याजक, म्हणजे ज्यूंच्या मंदिराचा पुरोहित, आणि मग लेवी, म्हणजे मंदिराचा सेवेकरी, बाजूने निघून जातात. प्रेताचा विटाळ होईल म्हणून ते थांबले नसावेत, असा खुलासा नेहमी दिला जातो. मला तो पटत नाही. याजक यरुशलेमहून खाली निघाला होता, म्हणजे मंदिरातली सेवा उरकलेली होती. शिवाय बेवारस प्रेताला मूठमाती देण्यासाठी महायाजकानेही विटाळ सोसावा, असं मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा जुना संग्रह, सांगते.

तिसरा येतो तो शोमरोनी, म्हणजे ज्यूंचं ज्यांच्याशी पिढीजात वैर होतं त्या शेजारच्या शोमरोन प्रांतातल्या समाजाचा माणूस. गरिझीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ज्यू महायाजक आणि शासक योहान हिर्कानसने पाडलं होतं. पुढे, येशूच्या लहानपणी, शोमरोन्यांनी वल्हांडणाच्या सणात यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडं टाकल्याचं इतिहासकार जोसेफस लिहितो. इतकं वैर. तोच माणूस जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हातावर ठेवतो. वर आणखी खर्च झाला तर परतताना देईन म्हणतो.

गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतणारे एकनाथ आपल्याला जवळचे वाटतात. पण नाथ आपले. इथे मदत करणारा परका, तोही तिरस्काराचा धनी. ऐकणाऱ्यांना बोचलं असणार ते हेच.

'माझा शेजारी कोण?' असं एका शास्त्र्याने विचारलं होतं, म्हणून ही गोष्ट निघाली. ती संपल्यावर येशू प्रश्नच फिरवतो: या तिघांपैकी त्या जखमीचा शेजारी कोण झाला? शास्त्री उत्तर देतो, 'ज्याने दया केली तो.' 'शोमरोनी' हा शब्द काही तो तोंडावाटे काढत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातातल्या जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. नवले पुलावर आज कुणी खाली पडलेलं दिसलं, तर थांबणाऱ्याच्या पाठीशी हे कलम आहे.