सिलिंडरची एअरगन ताकदीमुळे अचूक असते का?

‘ऑलिम्पिकचे नेमबाज दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची रायफल वापरतात, कारण तिच्यात ताकद जास्त’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १० मीटर स्पर्धेतल्या रायफलीची ऊर्जा जेमतेम साडेसात जूल असते. अनेक साध्या स्प्रिंगच्या गनची ऊर्जा याहून जास्त भरते.

फरक धक्क्याचा आहे. स्प्रिंगच्या गनमध्ये छर्रा नळीत असतानाच स्प्रिंगने ढकललेला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि थांबतो. गन आधी मागे, मग पुढे हिसका देते. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारपर्यंत दाबलेली हवा आधीच भरलेली असते, त्यामुळे जड पिस्टन नाही आणि तो हिसकाही नाही. रेग्युलेटर तिचा दाब कमी करून प्रत्येक वेळी सारखाच देतो. लक्ष्याच्या मधोमध असलेलं दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचं असताना हीच स्थिरता लागते. कार्बन डायऑक्साइडवरच्या गनही स्पर्धांत होत्या. पण त्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, म्हणून त्या मागे पडल्या.

तरीही शिकणाऱ्याला मी स्प्रिंगचीच सुचवेन. ती हलक्या हाताने धरावी लागते, आवळली की नेम भरकटतो. पकडीतली चूक ती लगेच दाखवते आणि हवा भरायला पंपही लागत नाही.