व्हिनेगर प्यायचं नाही, लावायचं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा निरोप आला: सकाळी उपाशीपोटी दोन चमचे व्हिनेगर घ्या, गर्भाशयमुखाचा कॅन्सर फिरकणार नाही. खाली हात जोडल्याची रांग. व्हिनेगर पिऊन जळजळ तेवढी होईल. पण गंमत अशी की या कॅन्सरशी व्हिनेगरचा खरंच संबंध आहे आणि तो आपल्या मुंबईतच सिद्ध झालाय.

परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून इथल्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, चार आठवडे शिकून तयार झालेल्या आरोग्यसेविका होत्या. २०१३ मध्ये निष्कर्ष आला: तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. (उरलेल्या निम्म्यांना नुसती माहिती दिली, यावर टीका झाली. मला ती रास्त वाटते.)

तपासणी म्हणजे काय, तर गर्भपिशवीच्या तोंडाला (म्हणजे गर्भाशयमुखाला) व्हिनेगरमधल्याच ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात बघायचं. पांढरा डाग उठला तर संशय.

डाग का उठतो? पिशवीच्या तोंडाशी बाहेरून चपट्या पेशींचे थर असतात, आतून उभ्या पेशींचा एकच थर. दोन्ही भेटतात तिथे एका जातीच्या पेशी दुसरीत बदलत असतात. एचपीव्ही हा विषाणू नेमका तिथे शिरतो. त्याचं ई६ प्रथिन पेशीतल्या पी५३ या पहारेकऱ्याचा नायनाट करवतं, ई७ हे आरबी नावाचा ब्रेक निकामी करतं. मग पेशी विभागत सुटतात, केंद्रकं मोठी होतात, दाटीवाटीने प्रथिनं साठतात. आम्ल लागलं की ही प्रथिनं तात्पुरती गोठतात, उजेड आरपार न जाता परत फिरतो आणि खालच्या रक्ताचा गुलाबी रंग झाकला जातो. निरोगी चपट्या पेशीत केंद्रक इवलंसं, म्हणून ती गुलाबीच राहते. लिंबाने फाटलेलं दूध पुन्हा सांधत नाही, हा डाग मात्र काही मिनिटांत विरतो. फिकट डाग लवकर जातो. दाट, ठसठशीत काठाचा टिकतो. सेविकेची नजर तयार करायची ती इथे, कारण साध्या सुजेनेही पांढरं दिसतं.

पाळी गेल्यावर दोन्ही पेशी भेटतात तो सांधा आत सरकतो, दिसेनासा होतो. तिथे व्हिनेगर लंगडं पडतं, एचपीव्हीची चाचणीच हवी.

आणि हो, एचपीव्हीवरून कुणाचं चारित्र्य काढू नका. संबंध आलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. राहिला तरच धोका, तोही कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण दहा-पंधरा वर्षं घेतो. एवढा वेळ हातात असून बायका दगावतात.

एका वस्तीतल्या शिबिरात गेलो होतो. समाजमंदिरात दोरीवर साडी टाकून आडोसा केलेला. धुणीभांडी करणाऱ्या एक बाई दारातच अडल्या. “रिपोर्ट घ्यायला परत यायला लागेल ना? दुसरा खाडा नाही जमणार.”

“रिपोर्ट कसला, ताई,” सेविका म्हणाली, “बोळा लावते, साठ मोजते आणि इथंच सांगते.”

बाईंनी चपला काढल्या.