वाहन-वाटप
मागणीपेक्षा गाड्या कमी तयार होत असताना कोणत्या वितरकाला किती आणि कोणत्या ग्राहकाला आधी गाडी द्यायची, हे ठरवण्याची पद्धत. शोरूममध्ये तिला 'अलॉटमेंट' म्हणतात. ग्राहकाला ठाऊक असते ते 'वेटिंग'.

गाड्यांत लागणाऱ्या सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईत हा प्रश्न सातारा-सांगलीत घरोघरी पोहोचला. ३० जुलै २०२२ रोजी महिंद्रा स्कॉर्पिओ-एनसाठी अर्ध्या तासात १ लाख नोंदण्या झाल्या होत्या.

मागील विक्रीनुसार कोटा दिला की पुण्या-मुंबईचा मोठा वितरक मोठाच राहतो. मागितलेल्या संख्येच्या प्रमाणात वाटले तर त्याहून वाईट. समजा, गाड्या १०० आणि साताऱ्याच्या व सांगलीच्या वितरकांकडे खरे ग्राहक प्रत्येकी ८०. दोघांनी खरा आकडा सांगितला, तर ५०-५० मिळतात. एकाने २४० मागितल्या की त्याला ७५ आणि खरे बोलणाऱ्याला २५! हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या अभ्यासकांनी १९९७ मध्ये पुरवठा साखळीतील मागणी फुगण्याच्या कारणांत हेही कारण दाखवले. टंचाई सरली की अशा ऑर्डरी रद्द होतात आणि कंपनीचा अंदाज कोसळतो.

सोडत हा वेगळा मार्ग. २००९ मध्ये टाटा नॅनोसाठी २ लाखांहून अधिक नोंदण्या आल्या, तेव्हा पहिल्या १ लाख ग्राहकांची निवड संगणकीय सोडतीने झाली. तिथे ओळख चालत नाही, पण थांबण्यालाही मोल राहत नाही.

ऊसपट्ट्यात रांग म्हणजे काय हे कुणाला समजावावे लागत नाही. कारखान्याकडे लागणीची नोंद असते, तोड त्या क्रमाने यावी अशी अपेक्षा असते. नंतर नोंदलेला ऊस आधी तुटला की गावभर चर्चा होते. गाडीच्या रांगेत मात्र आपल्या पुढे किती जण आहेत हेच ग्राहकाला दिसत नाही. मूळ दोष इथे आहे. म्हणून कोटा वितरकाच्या मागणीवर न देता, आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकांच्या नोंदीवर द्यावा. एका ग्राहकाची एकच नोंद धरावी, मॉडेल, प्रकार आणि रंगानुसार रांग उघड असावी. विमा किंवा ॲक्सेसरी आमच्याकडूनच घ्या, मग गाडी लवकर देतो, ही अट तर मुळीच चालू देऊ नये.

पितृपक्षात पाळी आली आणि ग्राहकाने गाडी नाकारली, तर ती पुढच्याला द्यावी. नाकारणाऱ्याला मात्र रांगेच्या शेवटी ढकलू नये, घटस्थापनेनंतर येणाऱ्या पहिल्या गाडीवर त्याचा हक्क राहावा.