अवकाशीय सौर वीज

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहावर सूर्यप्रकाशापासून वीज तयार करायची, तिचे मायक्रोवेव्ह किंवा लेसरच्या झोतात रूपांतर करायचे आणि तो झोत जमिनीवर झेलून पुन्हा वीज मिळवायची, या पद्धतीला अवकाशीय सौर वीज म्हणतात. अशा विजेवर जगातल्या एकाही घरातला दिवा अजून लागलेला नाही. तरीही गेली पन्नासहून अधिक वर्षे अभियंते या कल्पनेकडे पुन्हा पुन्हा वळतात. तसे का होते, हे मुंबईचा जुलै महिना पाहिला की लवकर उमगते.

वातावरणाच्या बाहेर सूर्याकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट ऊर्जा पडते. जमिनीवर निरभ्र आकाश असेल तर भर दुपारी ती हजार वॉटच्या आसपास असते, रात्री शून्य. मुंबईत याला पावसाळ्याची भर पडते. एकट्या जुलैत सांताक्रूझ वेधशाळेत सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या पॅनेलांची वीज मार्च-एप्रिलच्या तुलनेत खूपच घटते. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत (जिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो) मात्र ना ढग असतात, ना रोजची रात्र. फक्त मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आगेमागे काही आठवडे, मध्यरात्रीच्या सुमारास, उपग्रह पृथ्वीच्या सावलीतून जातो. तेही जास्तीत जास्त ७० मिनिटांच्या आसपास.

अभियांत्रिकी प्रस्ताव म्हणून ही कल्पना प्रथम मांडली ती पीटर ग्लेझर यांनी, १९६८ मध्ये. त्याआधी १९६४ मध्ये विल्यम ब्राऊन यांनी केवळ मायक्रोवेव्हच्या शक्तीवर एक छोटे हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवून दाखवले होते. याच ब्राऊन यांचे ‘रेक्टेना’ हे उपकरण आजही या पद्धतीचा कणा आहे. रेक्टेना म्हणजे आलेल्या तरंगांचे जागच्या जागी एकदिश विजेत रूपांतर करणारा अँटेना. प्रत्येक छोट्या अँटेनाला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, जोडलेला असतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात मिलिमीटर तरंगांनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. तरंग टिपणाऱ्या गॅलिना स्फटिकाचे त्यांचे अमेरिकी पेटंट १९०४ चे आहे. आजच्या रेक्टेनातला डायोड त्याच घराण्यातला. मराठी वाचकाला ही पद्धत पूर्णपणे परकी वाटू नये, म्हणून ही नोंद इथे मुद्दाम केली आहे.

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावर ३० किलोवॉटहून अधिक शक्ती पाठवली गेली. रेक्टेनावर पडलेल्या शक्तीपैकी ८० टक्क्यांहून जास्त शक्ती वीज होऊन बाहेर आली. म्हणजे झेलण्याचा प्रश्न तेव्हाच बराचसा सुटला होता. अडचण आहे ती अंतराची.

कोणताही झोत जाता जाता पसरतो. तरंगलांबी जितकी मोठी आणि पाठवणारा अँटेना जितका लहान, तितका तो जास्त पसरतो. २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. उपग्रहावर एक किलोमीटर व्यासाचा अँटेना बसवला तरी भूस्थिर कक्षेतून निघालेला झोत जमिनीवर पोहोचेपर्यंत साधारण दहा किलोमीटर रुंद होतो. चर्चगेट ते दादर हे अंतर जवळपास तेवढेच. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने झोत थोडा तिरका पडेल आणि जमिनीवर सुमारे ८५ चौरस किलोमीटरची लंबवर्तुळाकार जागा लागेल. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे सगळे मुंबई शहर सुमारे ६८ चौरस किलोमीटरचे आहे, आणि अख्खे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४. अँटेना आणखी मोठा केल्याशिवाय किंवा तरंगलांबी घटवल्याशिवाय हा आकडा लहान करता येत नाही, कारण तो पैशावर नव्हे, प्रकाशशास्त्रावर ठरतो. छोटा उपग्रह पाठवून छोट्या जागेत वीज उतरवू, असे भूस्थिर कक्षेतून मायक्रोवेव्हने जमत नाही. मोठे करायचे, नाहीतर करायचेच नाही, हे या पद्धतीचे खरे दुखणे आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने केलेल्या आराखड्यात अशा एका उपग्रहाची क्षमता ५,००० मेगावॉट धरली होती. उन्हाळ्यात मुंबईची कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या वर जाते. म्हणजे कागदावर एक उपग्रह अख्खे शहर पेलू शकतो. त्या आराखड्यातला उपग्रह दहा किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद होता, वजन काही दशसहस्र टन. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चारशे टनांच्या घरातले आहे आणि इस्रोचे एलव्हीएम-३ हे प्रक्षेपक भूस्थिर कक्षेकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे चार टन वजन सोडते.

मायक्रोवेव्ह म्हटले की पहिली शंका येते ती स्वयंपाकघरातल्या ओव्हनवरून. त्याची वारंवारताही २.४५ गिगाहर्ट्झच असते. जो तरंग डब्यातला भात गरम करतो, तो पावसात शोषला जाणार नाही का? शंका रास्त आहे. ओव्हनच्या धातूच्या पेटीत तरंग पुन्हा पुन्हा आपटून त्याच पाण्यातून जातात. पाऊस धो धो कोसळत असला तरी हवेच्या एका घनमीटरमध्ये पाणी असते ते मोजक्या काही ग्रॅम, आणि थेंब १२ सेंटिमीटरच्या तरंगापुढे फारच लहान. त्यामुळे या वारंवारतेवर पावसातली घट नगण्य राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पावसातही झोत खाली पोहोचला असता. मुंबईपुरते पाहिले तर मायक्रोवेव्हची सर्वांत मोलाची बाजू हीच.

दुसरी शंका जिवाची. जुन्या आराखड्यात झोताच्या मध्यभागी तीव्रता चौरस मीटरला २३० वॉट होती, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या पाव भागाच्या आसपास. माणूस त्यात भाजून निघणार नाही. पण मोबाईल टॉवरसाठी भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा घातली. या वारंवारतेला ती चौरस मीटरला एक वॉट होते. तेव्हा रेक्टेनाच्या आवारात वस्ती शक्य नाही आणि काठावरही मोकळा पट्टा ठेवावा लागेल. झोत भरकटू नये म्हणून रेक्टेनाच्या मध्यातून वर एक मार्गदर्शक संकेत सोडतात. उपग्रहावरचे हजारो छोटे प्रेषक त्या संकेतावरून आपापली फेज, म्हणजे तरंगांच्या चढउताराची वेळ, जुळवतात. संकेत तुटला की जुळणी मोडते आणि झोत आपोआप विखुरतो. ही व्यवस्था भक्कम आहे, पण ती पक्ष्यांना लागू नाही. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. झोतातून वर्षानुवर्षे उडणाऱ्या थव्यांवर काय परिणाम होईल, हे किनाऱ्याजवळची जागा ठरवण्याआधी तपासावेच लागेल.

लेसरचे गणित उलटे आहे. तरंगलांबी एक मायक्रोमीटरच्या आसपास असल्याने एक मीटरच्या आरशातून निघालेला झोत भूस्थिर कक्षेतून येऊनही शंभरेक मीटरच्या आत मावतो. उपग्रह लहान चालतो, जागाही थोडी लागते. पण ढगातले सूक्ष्म थेंब हा प्रकाश विखरून टाकतात, त्यामुळे मुंबईत जून ते सप्टेंबर लेसर जवळजवळ निरुपयोगी. माण-खटावसारख्या पर्जन्यछायेतल्या भागात पाऊस कमी असला, तरी मान्सूनचे ढग तिथूनही जातातच. शिवाय एकवटलेल्या लेसरने डोळ्यांना इजा होऊ शकते आणि असा उपग्रह शस्त्रासारखा वापरला जाण्याची भीती इतर देशांना वाटणे स्वाभाविक आहे. १९६७ चा अवकाश करार कक्षेत अण्वस्त्रे आणि सामूहिक संहाराची शस्त्रे ठेवू देत नाही. लेसर त्या बंदीत मोडत नाही. ड्रोन, दुर्गम ठाणी, चंद्रावरची अंधारी विवरे यांसाठी लेसर योग्य वाटतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगात ८.६ किलोमीटर अंतरावर ८०० वॉटहून अधिक शक्ती अर्धा मिनिट पाठवली गेली, पण ती जमिनीवरून जमिनीवर.

अवकाशातले काम आता कुठे सुरू होते आहे. कॅलिफोर्नियातील कॅलटेक विद्यापीठाचा प्रायोगिक संच जानेवारी २०२३ मध्ये कक्षेत गेला. त्याने तिथे सुमारे फूटभर अंतरावरचे एलईडी दिवे बिनतारी विजेवर लावले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचा क्षीण संकेत पासाडेनातील विद्यापीठाच्या छतावर टिपला गेला. जपानने २०१५ मध्ये जमिनीवर ५०० मीटरपर्यंत शक्ती पाठवून पाहिली. भारतात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल स्पेस सोसायटीसोबत या विषयावर संयुक्त उपक्रम जाहीर केला होता.

खर्चाच्या बाबतीत नासाचा जानेवारी २०२४ चा अहवाल परखड आहे. २०५० साठी तपासलेल्या दोन रचनांमध्ये विजेचा दर युनिटला ०.६१ आणि १.५९ डॉलर आला. जमिनीवरच्या अक्षय ऊर्जेच्या तो १२ ते ८० पट. प्रक्षेपण स्वस्त झाले तर हे अंतर कमी होईल, पण बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत. जागेचा फायदा मात्र खरा आहे. राजस्थानातील भडला सौर उद्यान सुमारे ५६ चौरस किलोमीटरवर २,२४५ मेगावॉटचे आहे आणि रात्र धरून त्याचे सरासरी उत्पादन या क्षमतेच्या साधारण पाव भरते. त्या हिशेबाने रेक्टेना प्रत्येक चौरस किलोमीटरमागे पाच-सहापट वीज देईल. शिवाय रेक्टेनाच्या जाळीतून बराचसा सूर्यप्रकाश खाली झिरपू शकतो, त्यामुळे ती जमीन पूर्ण उजाड होईलच असे नाही.

मुंबईने वीज नेहमी लांबूनच आणली. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुमारे ७० किलोमीटर तारा ओढून ती शहरातल्या गिरण्यांपर्यंत पोहोचली. रेक्टेनासाठीही शहरात जागा नाही. ती घाटापलीकडे किंवा समुद्रावर शोधावी लागेल, आणि तिथून वीज शहरात येईल ती पारेषण वाहिन्यांनीच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातल्या याच वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईच्या लोकल थांबल्या. तो धोका आकाशातून आलेल्या विजेलाही तेवढाच राहील.