कोंबडीतला जंत आणि पोट्ट्याच्या पोटातला जंत

माझी चुलत नणंद हिंगण्याकडच्या एका गावात राहते. आखाडीचा शेवटचा रविवार होता. सावजी मसाला भाजून वाटून झाला होता, चुलीवर आधण चढलं होतं आणि ती अंगणात बसून गावरान कोंबडा साफ करत होती. आतड्याला सुरीचं टोक लागलं आणि परातीत पाचसहा पांढरट दोरे घसरून पडले. बोटभर लांब, उकडलेल्या शेवयीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते. त्यातला एक अजून सावकाश वळवळत होता.

"वहिनी, हे पाय बरं, शेवयाच दिसून राहिल्या."

तिच्या सासूबाई धावत आल्या. "फेका सारं उकिरड्यावर. बाळ्याच्या पोटात जंत काहून होतात, आता समजलं."

मी जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. तिथे परातीपाशी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. गावातच नव्हे, नागपुरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही हीच गल्लत होते, आणि तिच्यापायी पोराच्या जंतांचं खरं कारण हातातून सुटून जातं.

परातीत होता तो ॲस्करिडिया गॅली. बाळ्याच्या पोटात बहुतेक असतो तो ॲस्करिस लुम्ब्रिकॉइडिस. नावं एकमेकांना चिकटलेली, कारण दोघेही गोलकृमी आणि एकाच मोठ्या कुळातले. दोघांचा रंग पिवळसर पांढरा, दोघांचं ठाणं लहान आतड्यात, आणि दोघांची अंडी विष्ठेतून मातीत जातात. पण शेजारी ठेवून पाहिलं तर पहिला फरक डोळ्यांनाच दिसतो. कोंबडीतली मादी फार तर 12 सेंटिमीटर भरते. माणसातली मादी 20 ते 35 सेंटिमीटरपर्यंत वाढते, चांगलं मोठं गांडूळच. पोराच्या शौचात पडलेला वीतभर लांब जंत कोंबडीतून आलेला असूच शकत नाही.

लांबीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो दोघांचा प्रवास. कोंबडी मातीत टोचा मारताना जंताचं अंडं गिळते. अळी बाहेर पडते, काही दिवस आतड्याच्या अस्तरात रुतून बसते, मग परत आतड्याच्या पोकळीत येऊन मोठी होते. सगळा संसार आतड्यातल्या आतड्यात. माणसाच्या जंताची अळी मात्र आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथून श्वासनलिकेने घशापर्यंत चढते आणि गिळली गेली की पुन्हा आतड्यात उतरते. म्हणून अशा पोराला कधी कधी आधी कोरडा खोकला येतो आणि जंत पुढे दोनतीन महिन्यांनी दिसतो. कोंबडीच्या जंताला माणसाच्या शरीरातली ही वाट ठाऊकच नाही. त्याचं अंडं चुकून माणसाच्या पोटात गेलं तरी तिथे त्याचा संसार मांडला जात नाही.

मग बाळ्याला जंत होतात कुठून? माणसाच्याच विष्ठेतून. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. कुणी उघड्यावर बसलं की ती मातीत मिसळतात, ओल्या उबदार मातीत दोनतीन आठवड्यांत पिकतात आणि पुढे वर्षानुवर्षं टिकू शकतात. तिथे खेळलेल्या पोराची नखं, न धुतलेली मुळा-कोथिंबीर, सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी, यांतून ती तोंडात जातात. एखाद्या जनावरावर संशय घ्यायचाच असेल तर तो वस्तीत मोकाट फिरणाऱ्या डुकरावर घ्यावा. त्याचा जंत माणसाच्या जंताचा सख्खा भाऊ आहे आणि तो माणसाला होतो.

कोंबडीला मात्र एका बाबतीत पूर्ण मोकळं सोडता येत नाही. परसाकडच्या जागेत ती पायांनी उकरते आणि तीच माती पायाला घेऊन ओसरीवर येते. जंत तिचा नसतो, पण ती हमाली करू शकते. म्हणून ओसरीवर रांगणारं मूल असलेल्या घरात कोंबड्या अंगणापुरत्याच ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

सासूबाईंचा पुढचा प्रश्न बिनतोड होता: "दुकानातल्या ब्रॉयलरमंधी तर असं काही दिसत नाही." खरं आहे, पण त्याचं कारण वयात आहे. हा जंत कोंबडीत पूर्ण वाढायला पाच ते आठ आठवडे घेतो आणि ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांतच कापला जातो. शिवाय तो शेडमध्ये तुसावर वाढतो, अंगणातल्या मातीशी त्याची गाठ पडत नाही. गावरान पक्षी महिनोन्महिने उकिरडा उकरतो. नवतपातल्या उन्हात उघड्या मातीतली बरीच अंडी वाळून मरतात, पण खुराड्याखालच्या सावलीतली ओल त्यांना सांभाळते आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा सुरू. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना हा जंत फार छळतो. पिल्लू खातं पण भरत नाही, पंख लोंबतात, तुरा फिका पडतो. जास्त झाले तर आतडंच तुंबतं. कोंबडीसाठी हा खरा आजार आहे, हे माझ्या बोलण्यात हरवू नये. क्वचित एखादा जंत गुदद्वाराकडून अंडनलिकेत चढतो आणि चक्क फोडलेल्या अंड्यात सापडतो. किळस येते, अंडं फेकून द्यावं, पण घाबरून दवाखाना गाठायचं कारण नाही.

कोंबडीच्या पातळ विष्ठेत रक्त दिसलं की तोही धसका असतो. तो बहुतेक कॉक्सिडिओसिस, कोंबडीच्या आतड्याचा रोग. त्याचा परजीवीही कोंबडीपुरताच.

मग कोंबडीतून माणसाला काही येतच नाही का? येतं, आणि ते परातीत दिसत नाही. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू दिसायला धडधाकट असलेल्या कोंबडीच्या आतड्यातही असतात. साफ करताना आतडं फाटलं की मांसाला लागतात, नळाखाली मांस धुताना उडणाऱ्या थेंबांतून ओट्यावर पसरतात, आणि त्याच सुरीने चिरलेल्या कांदा-काकडीत जातात. परजीवींपैकी लक्षात ठेवावा असा एक आहे, टॉक्सोप्लाझ्मा. त्याचं मूळ घर मांजर. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती टोचणाऱ्या गावरान कोंबडीच्या मांसात त्याच्या सूक्ष्म गाठी राहू शकतात. एरवी तो फारसा जाणवत नाही, पण गर्भवती बाईला नव्याने झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतो. बर्ड फ्लू तर विषाणू. आमच्या नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या डिसेंबर 2024 मध्ये त्यानेच दगावले. त्यामुळे एकाएकी मरून पडलेल्या कोंबड्या कापूही नयेत, उघड्या हाताने उचलूही नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

यातलं काहीही उकळत्या रश्श्यात टिकत नाही. मांसाच्या आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस उष्णता पोचली की पुरे, आणि आपला सावजी रस्सा तर त्याच्या कितीतरी पुढे रटरटतो. धोका रस्सा शिजायच्या आधीचा आहे. पाटा, सुरी, परात, हात. कलेजी वरवर परतून खायची ज्यांना सवय आहे, त्यांनी ती मोडावी.

त्या दिवशी कोंबडा फेकला नाही. आतडं मात्र कुत्र्याला किंवा उकिरड्यावर न टाकता खड्डा करून पुरायला लावलं, नाहीतर त्यातली अंडी उरलेल्या कोंबड्या टोचणारच. परात आणि सुरी साबणाने, कढत पाण्याने धुतली.

निघताना नणंदेनं फळीवरून एक बाटली काढून दाखवली. कोंबड्यांना पाण्यातून द्यायचं पायपरेझीन. "यातलंच थोडं बाळ्याले देऊ का? जंताचंच तर आहे."

इथे मी आवाज चढवला. दोन जंतांची गल्लत एक वेळ चालेल, दोन औषधांची नाही. जनावरांच्या औषधाचं प्रमाण आणि शुद्धता माणसासाठी ठरवलेली नसते. बाळ्यासाठी अल्बेंडाझोलची गोळी आहे. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या जंतनाशक दिनांना ती अंगणवाडीत, शाळेत फुकट मिळते, 1 ते 19 वर्षांच्या सगळ्यांना. दोन वर्षांखाली अर्धी, पुढे एक, 400 मिलिग्रॅमची. आणि कोंबड्यांना औषध पाजलं की त्यांचं मांस-अंडी किती दिवस खायची नाहीत हे बाटलीवर वाचायचं, नाहीतर पशुवैद्याला विचारायचं.

तिनं बाटलीकडे एकदा पाहिलं, बुच घट्ट केलं आणि ती घरातल्या फळीवर परत न ठेवता बाहेर खुराड्याच्या वाशाला, बाळ्याचा हात पोचणार नाही इतक्या उंच टांगून टाकली.